हरभऱ्याएवढी माशी

फार वर्षांपूर्वी, जेव्हा जांभुळकोंडात माणसांपेक्षा रानडुकरं जास्त होती आणि अकलेपेक्षा मान मोठा होता, तेव्हा तिथे ठकू नावाची लोहारीण राहायची. तिचा नवरा सोमा विळे-कोयत्यांना धार लावायचा आणि ठकू बंदुकांना माशी बसवायची. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो इवलासा मणी, ज्याच्यावरून नेम धरतात. हे काम तिला बापानं शिकवलं होतं. सोमाला नेमकी माशी निवडणं कधी जमलं नाही.

ठकू बंदूक बघून माशी निवडायची नाही, माणूस बघून निवडायची. आलेल्याला तिन्हीसांजेला अंगणात उभं करायची आणि समोरच्या फणसाखाली एकेक मणी धरायची. ज्याची नजर घारीची, त्याला नाचणीच्या दाण्याएवढी पितळी माशी. ज्याच्या नजरेतून पितळ रानाच्या सावलीत हरवायचं, त्याला शंखाची, पांढरी. तिनं बसवलेली माशी जनावराच्या काळजाकडे आपोआप वळायची, असं म्हणतात.

गावाची एक रीत होती. शिकारीत पहिला बार अंताजी मानकऱ्याचा. तो उडेपर्यंत कुणी घोडा ओढायचा नाही. आणि उडाला, की जनावर पडो न पडो, सगळ्यांनी ‘लागलो!’, म्हणजे नेम लागला, अशी आरोळी ठोकायची. मानकऱ्याचा बार फुकट गेला हे देवाच्या कानावर जाऊ नये, म्हणून. वाडवडिलांनी घालून दिलेली रीत. वाडवडील कधी चुकतात होय?

एका वर्षी अंताजीनं मुगाएवढी माशी मागितली. ठकूनं दिली. दुसऱ्या वर्षी तुरीएवढी. त्या वर्षी त्यानं डुक्कर म्हणून गाभण म्हैस पाडली, आणि गावातल्या पाच म्हाताऱ्यांनी देवानं बळी घेतला म्हणत नारळ फोडला. तिसऱ्या वर्षी तो आला आणि म्हणाला, हरभऱ्याएवढी बसव, चांदीची.

ठकूच्या हातातली चिमटी तशीच राहिली. मणी जितका मोठा, तितकं त्याच्यामागे जास्त झाकलं जातं, हे तिला ठाऊक होतं. तिनं तोंडावर सांगितलं, “दादानू, माशी दिसतली. पन तिच्या पलीकडे कोण उभो आसा, ता दिसाचा नाय.”

अंताजीचे कान लाल झाले. सोबत आलेले पाचही म्हातारे तिच्यावर तुटून पडले. बाईमाणसानं मानकऱ्याच्या नजरेला नावं ठेवायची? ठकूनं बंदूक परत दिली आणि घागर उचलून विहिरीवर गेली. ती गेली तसे ते सोमाकडे वळले. सोमाला मोठ्यांपुढे नाही म्हणता येत नसे. आपल्याकडे याला संस्कार म्हणतात. त्यानं कथलाचा डाक लावून हरभऱ्याएवढा चांदीचा मणी चिकटवून दिला आणि बायकोला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिकार निघाली. लोहारानं हाकाऱ्यांच्या पुढे चालायचं, हाही मानच होता. सोमा काळी घोंगडी पांघरून, डबा बडवत झाडीतून वर आला आणि कातळावर उभा राहिला. अंताजीला चांदी चमकताना दिसली. तिच्यापलीकडे काहीतरी काळं होतं. त्यानं बार काढला.

त्याच्या शेजारी पाच म्हातारे होते. कोण पडलं ते त्यांनी पाहिलं. अंताजीनं विचारलं, “लागलो काय?” आणि पाचांच्या तोंडून, सवयीनं, एका सुरात आरोळी निघाली, “लागलो!” समोरच्या डोंगरावरच्यांनी ती उचलली. खालच्या वाडीनं उचलली. ठकूनं भट्टीपाशी ती ऐकली, आज मटणाचा वाटा येणार म्हणून उठली आणि पाट्यावर खोबऱ्याचं वाटप वाटायला बसली.

सोमाला त्यांनी डुक्कर आणायच्या बांबूवरून आणलं.

ठकू रडली नाही. तिचे हात खोबऱ्यानं माखलेले होते, ते तसेच हवेत राहिले. अंताजी अंगणात मटकन बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो खरं बोलला. “तीन वर्सां झाली. माका दिसणा नाय.”

पाचांतला सगळ्यात थोरला खाली बघत म्हणाला, “आमका सगळ्यांका म्हायत होता.”

बंदुकीचा बार परवडला, असं ते वाक्य होतं. ठकूनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. “मगे ‘लागलो’ म्हणान कोण आराडलो?”

आणि तिनं अंताजीच्या बंदुकीची नळी धरली आणि तो मणी दातांनी उपटून काढला. त्याच क्षणी गावातल्या सगळ्या बंदुकांच्या माशा पिकल्या दाण्यांसारख्या गळून पडल्या, असं म्हणतात. म्हाताऱ्यांनी दुसऱ्या गावचे लोहार आणले, पण डाक धरेना. चांदी वितळून पाण्यासारखी वाहून जाई. त्या वर्षी डुकरांनी सगळं भात खाल्लं, आणि जांभुळकोंडानं कंदमुळं खाऊन दिवस काढले.

शेवटी गाव ठकूच्या दारात आलं. ती म्हणाली, माशी बसवीन, पण आधी मी विचारीन आणि सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. तिनं पाचांना फणसाखाली उभं केलं, वीस पावलांवर जाऊन हात वर केला आणि विचारलं, किती बोटं? एक म्हणाला दोन. एक म्हणाला चार. तिसरा म्हणाला, सूर्य डोळ्यांवर येतोय. चौथा म्हणाला दोनच. थोरला तेवढा म्हणाला, दिसत नाही. ठकूची मूठ मिटलेली होती. चौघांच्या बंदुका तिनं तिथेच भट्टीत घातल्या. थोरल्याला मात्र तिनं हात धरून घरापर्यंत पोचवलं, आणि मग बाकी गावाच्या बंदुकांना माशा बसवून दिल्या.

आता शिकार बंद झाली. पिकं राखायला गावात परवान्याच्या दोन बंदुका उरल्यात. तरी भात पोटरीला आलं, की देवळासमोर ठकूचा सवाल होतो. विचारायचा मान गावात शेवटी आलेल्या सुनेचा. डोक्यावर पदर नाही, वाकून नमस्कार नाही. वीस पावलांवर ताठ उभं राहायचं आणि सासऱ्याच्या वयाच्या बंदूकवाल्याला विचारायचं, किती बोटं?

यंदा सून होती देवगडकडची, लग्नाला दोन महिने झालेली. तिनं मूठ मिटून वर धरली. म्हातारा ऐटीत म्हणाला, “तीन.”

कुणी आरोळी दिली नाही. त्याच्या मुलानं पुढे होऊन त्याच्या खांद्यावरची बंदूक उतरवून घेतली.