बस्त्यावने चर्चला लावलेले कुलूप

एका बागायती गावात बस्त्याव नावाचा एक भोळा केळीवाला राहत होता. तो कोणाचाही शब्द खाली पडू देत नसे; मात्र उचललेला शब्द नेमका भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवत असे.

एकदा त्याने गोठ्याचे दार उघडे टाकले. शेळी सुटली आणि शेजारच्या पास्कोलच्या भेंडीचे दोन वाफे फस्त करून आली. पास्कोलने आपल्या विहिरीवरून बस्त्यावच्या केळींकडे जाणारा पाट दगड लावून बंद केला.

"माफी मागेपर्यंत थेंब मिळणार नाही," तो म्हणाला.

चार दिवसांत केळी माना टाकू लागल्या. बायको फिलू म्हणाली, "अहो, आधी फादरकडे जा. पाप सांगा. माफी कशी मागायची तेही विचारून या."

बस्त्याव गेला. फादरनी विचारले, "बोल बाबा, कोणती पापं?"

"पास्कोल शिव्या देतो. फिलू मोठा बोंबील स्वतःच्या ताटात घेते."

"दुसऱ्यांची नकोत रे. आपण सगळेच पापी, मीसुद्धा. आपण आपलं सांगावं. छाती पिटावी आणि म्हणावं, 'माझी चूक, माझी चूक, माझी फार मोठी चूक.'"

बस्त्याव ते घोकत निघाला. बाजारात गर्दी जमली होती. एका कोळणीची सुरमई कोणीतरी पळवली होती.

"कोणाचं काम हे?" ती विचारत होती.

बस्त्याव पुढे झाला. त्याने छाती पिटली. "माझी चूक, माझी चूक, माझी फार मोठी चूक."

कोळणीने त्याला टोपलीने बडवले. तो तसाच फादरकडे परतला.

"जे केलं नाही ते कबूल कशाला केलंस?" फादर म्हणाले. "तिथे म्हणायचं, 'मी काही केलं नाही, देव साक्षी आहे.'"

बस्त्याव तेथून थेट पास्कोलच्या ओटीवर गेला. पास्कोलला मनातून बरे वाटले. माणूस अखेर माफी मागायला आला होता.

"बोल, काय ते."

"मी काही केलं नाही, देव साक्षी आहे."

पास्कोलने पाटात आणखी दोन दगड घातले.

बस्त्याव पुन्हा फादरकडे गेला. फादरनी कपाळाला हात लावला. "अरे, ज्याला दुखावलं त्याच्यापुढे गुडघे टेकायचे, क्षमा मागायची आणि तो 'हो' म्हणेपर्यंत उठायचं नाही."

घरी येताना पाहतो तर शेळी पुन्हा भेंडीत. बस्त्यावला आठवले, परवाच आपण हिला काठीने मारले होते. त्याने वाफ्यातच गुडघे टेकले.

"बाय, मला क्षमा कर."

शेळी 'हो' म्हणेना. तिचे तोंड भरलेले होते. तिन्हीसांजेपर्यंत भेंडी संपली.

आता मात्र फादरनी प्रत्येक शब्द सावकाश उच्चारला. "पाप आत शिरताना दिसलं, की दार लावायचं, कुलूप घालायचं आणि किल्ली अशी फेकायची की पुन्हा हाती लागू नये. समजलं?"

"समजलं, फादर."

"रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेनंतर मी स्वतः पास्कोलला तुझ्यासाठी विनवीन. तू लवकर ये आणि चर्च झाडून ठेव." आणि त्यांनी चर्चची किल्ली त्याच्या हाती दिली.

रविवारी बस्त्यावने चर्च लख्ख झाडले आणि तो दारात उभा राहिला. रस्त्याने कोळण येत होती. तिच्यामागे पास्कोल, त्याच्यामागे फिलू आणि सर्वांत मागे पांढऱ्या झग्यात फादर. सगळेच पापी. फादरनीच तसे सांगितले होते.

बस्त्यावने दार लावले, कुलूप घातले आणि किल्ली कुंपणापलीकडच्या पास्कोलच्या विहिरीत फेकली.

"आत कोण आहे?" फादरनी दार ढकलून विचारले.

"एकटा देव, फादर. पाप एकही शिरू दिलं नाही. मीसुद्धा बाहेर आलो."

"आणि किल्ली?"

बस्त्यावने विहिरीकडे बोट दाखवले.

दुसरा इलाज नव्हता. पास्कोलने पंप लावला. त्याच्या भेंडीत आता पाणी पाजावे असे काही उरले नव्हते, म्हणून त्याला पाटातले दगड काढावे लागले. अख्खी विहीर बस्त्यावच्या केळीत गेली. दुपारी गाळात किल्ली सापडली. फादरनी ती झग्याला पुसली आणि ते काठावर टेकले.

बस्त्यावने टवटवीत झालेल्या केळींकडे पाहिले, मग किल्लीकडे.

"फादर, परवा पुन्हा टाकू का? केळींना दिवसाआड पाणी लागतं."

पास्कोल मटकन खाली बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"फादर, याला मी माफ केलं," तो म्हणाला. "रोज विहीर कोण उपसणार?"