पडताना मान कुठे ठेवावी

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची, ते विचारू नका. डोंगरांवर तेव्हाही बर्फ पडायचं आणि पक्ष्यांना तेव्हाही भीती वाटायची, एवढंच सांगता येईल. उत्तरेकडच्या एका तळ्याकाठी क्रौंचांचा एक थवा राहत असे आणि त्या थव्यातल्या एका म्हाताऱ्या क्रौंचाला आपल्या आठवणीचा भरवसा वाटेनासा झाला होता.

सगळे त्याला पंतोजी म्हणत. उडण्याची विद्या त्याच्याइतकी कुणी अभ्यासली नव्हती. वारा डोंगराला आपटला की वर कसा चढतो आणि डोंगर ओलांडला की खाली कसा कोसळतो, उन्हाने तापलेली हवा कुठून उठते, ओल्या पिसांनी अंग किती जड होतं, हे सगळं तो जाणून होता. पण एक गोष्ट त्याला धड आठवत नव्हती, आणि नेमकी तीच त्याला हवी होती.

थंडी पडू लागली की थवा दक्षिणेला निघे. वाटेत एक उंच खिंड लागे. गेल्या वर्षी त्या खिंडीत थव्यातली दोन पोरं खाली कोसळली होती. "खिंडीनं गिळली," असं थवा म्हणे. पंतोजी त्या पोरांच्या मागेच उडत होता. पडताना दोघांच्याही माना ताठ वर होत्या, हे त्याला अजून दिसत असे. पण माना आधी वर गेल्या आणि मग पोरं पडली, की आधी पोरं पडू लागली आणि मग घाबरून माना वर गेल्या?

तुम्ही म्हणाल, त्याने काय फरक पडतो? फरक फार मोठा होता. मान आधी वर गेली असेल, तर पोरांचा जीव मानेने घेतला होता. आणि मान ताब्यात ठेवता येते. मान नंतर वर गेली असेल, तर दोष खिंडीचा. आणि खिंड कुणाच्या ताब्यात नसते. पंतोजी रोज तेच चित्र डोळ्यांपुढे आणी आणि रोज ते थोडं निराळं दिसे.

आता क्रौंचांची एक रीत सांगायला हवी. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं, की त्याला पहिला धडा मिळे तो हा: खुट्ट झालं की मान वर. उंच गवतात कोल्हा दबा धरून बसतो. मान वर केली तरच तो दिसतो, दिसला तरच पळता येतं. हा धडा थव्याची म्होरकी सगळ्यांना देई. तिला थोरली म्हणत. तिच्या त्या धड्याने किती पिल्लं वाचली होती, त्याची गणती नव्हती. धडा खोटा नव्हता, आणि पंतोजीची अडचण तीच होती.

एके सकाळी तो तळ्याच्या काठावर पोरांना शिकवत होता.

"पंख पसरा आणि वाऱ्याकडे तोंड करा," तो म्हणाला. "आता पंखाची पुढची कड जराशी वर उचला."

पोरांनी तसं केलं आणि सगळ्यांचे पाय चिखलातून अलगद सुटले.

"कुणी उचललं तुम्हाला?"

"वाऱ्यानं!"

"तुम्ही वाऱ्याला खाली वळवलंत, म्हणून त्यानं तुम्हाला वर रेटलं. तो फुकट काही देत नाही. आता कड आणखी वर करा बघू. आणखी. अजून थोडी."

पोरांनी कड आणखी वर केली, आणि वाऱ्याने सगळी रांग मागच्या मागे चिखलात बसवली. एकच गोंधळ झाला.

"वारा पंखाच्या पाठीला धरून वाहतो, तोवर तो तुमचा," पंतोजी समजावू लागला. "कड फार वर केलीत, की त्याला ते वळण घेता येत नाही. तो पंखावरून सुटतो. मग पंख असून नसल्यासारखे."

त्या पोरांत एक लांबटांगी म्हणून होती. पाय लांब आणि जीभ त्याहून लांब, असं तिला सगळे चिडवत. गेल्या वर्षी पडलेल्या दोघांतला एक तिचा भाऊ होता. ती चिखल झटकत म्हणाली, "पंतोजी, इथं पडलं तर अंग धुता येतं. खिंडीत पडलं तर काय करायचं?"

'मान खाली कर' हे शब्द पंतोजीच्या अगदी तोंडाशी आले होते. पण थोरली जवळच उभी होती, आणि त्याची स्वतःचीच खात्री नव्हती.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

"उद्या म्हणजे खिंडीच्या अलीकडे की पलीकडे?" लांबटांगीने विचारलं. पोरं हसली. ती हसली नाही.

पोरं पांगल्यावर पंतोजी थोरलीकडे गेला आणि मनातलं सगळं बोलला.

"म्हणजे जो पडतोय, त्याला आणखी खाली तोंड कर म्हणून सांगायचं?" थोरली म्हणाली. "अरे, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"मान वर गेली की छाती वर जाते, अगं. छाती वर गेली की पंखाची कड वर जाते. आत्ता चिखलात जे झालं, तेच वर होत असणार."

"असणार! चिखलातला वारा निराळा, खिंडीतला निराळा. तू डोळ्यांनी पाहिलंस ना त्या दिवशी? मग सांग. मान आधी की पडणं आधी?"

"नाही आठवत."

थोरलीचा आवाज जरा मऊ झाला. "हे बघ, माझा धडा पोरांच्या हाडात मुरलाय. त्यात तू दुसरा धडा घातलास, तर गवतात खुट्ट झाल्यावर पोर विचार करत बसेल, वर करू की खाली करू. कोल्हा विचार करत नाही. तुझी खात्री असेल तर बोल. नसेल तर गप्प राहा."

तिचं म्हणणं पंतोजीला पटलं. अर्धवट खात्रीचा शब्द पोरांना देणं बरं नव्हतं. पण खिंड जवळ येत होती, आणि गप्प राहिलं तर आणखी पोरं पडणार होती. शब्द द्यायचा नाही आणि गप्पही राहायचं नाही, तर मग एकच वाट उरत होती. खात्री करून घेणं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर त्याने लांबटांगीला बाजूला घेतलं. "मी वर जातोय. जाणूनबुजून पडणार आहे. तू खालून नीट बघ. मान वर केली की मी पडतो का आणि खाली केली की सावरतो का, एवढंच बघ. मला माझ्या आठवणीचा भरवसा नाही, आणि पडताना तर मुळीच नसेल."

"पंतोजी, तुम्ही म्हातारे आहात हो!"

"म्हणून तर तळ्यावर पडतोय, खडकावर नाही."

तापलेल्या हवेत घिरट्या घालत तो वर वर गेला. तळं खाली एखाद्या पानाएवढं दिसू लागलं. तिथे त्याने पंख मारणं थांबवलं आणि हळूहळू मान वर उचलली.

पिसांतून शीळ घालणारा वारा आधी बारीक झाला, मग गप्प झाला. पंख थरथरू लागले. उजव्या पंखावरून वारा डाव्याच्या आधी सुटला, अंग त्या बाजूला कलंडलं आणि पंतोजी दगडासारखा खाली आला.

आणि मुलांनो, इतकं सगळं ठरवून, इतकी विद्या पदरी असूनही त्याची मान आपसूक आणखी वर गेली! खाली बघायला ती तयारच होईना. पाणी वर येत होतं आणि तो आकाशाकडे बघत पडत होता. त्या क्षणी त्याला ती दोन पोरं कळली, जशी ती आजवर कधी कळली नव्हती.

त्याने जीव खाऊन मान खाली दाबली. आता तळं सरळ त्याच्या चोचीसमोर होतं आणि झपाट्याने मोठं होत होतं. पिसांत पुन्हा शीळ वाजू लागली. पंखांनी वारा धरला. धरला म्हणताच त्याने घाईघाईने मान वर ओढली, आणि पंख पुन्हा थरथरून सुटले. त्याने पुन्हा मान खाली घातली. या वेळी मात्र तो थांबला. शीळ चांगली खणखणीत वाजेपर्यंत थांबला आणि मग अगदी हळू, झोपलेल्या पिल्लाला उचलावं तशी, त्याने मान वर आणली. पाण्याला पोट घासता घासता तो सरळ झाला, काठावर आला आणि पाय न सावरल्यामुळे चिखलात तोंडावर आपटला.

पोरं हसत सुटली. लांबटांगी धावत आली. "मान आधी! पंतोजी, मान आधी गेली वर, मग पडलात! दोन्ही वेळेला! आणि मान खाली केलीत तेव्हाच सावरलात!"

पंतोजी चिखलातच बसून राहिला. लांबटांगीचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे दादाला हे कुणी आधी सांगितलं असतं, तर..."

पंतोजी उठला. तिच्या पाठीवर चोच टेकून तो नुसता उभा राहिला.

थोरलीने सगळं पाहिलं होतं. तिने पोरांना जवळ बोलावलं. "नीट ऐका. पाय जमिनीला टेकलेले असतील, तर माझं ऐकायचं. पाय सुटलेले असतील, तर पंतोजीचं. विचार करायचा नाही, फक्त पायांना विचारायचं." मग ती पंतोजीकडे वळली. "आणि मलाही शिकव."

"तुला? या वयात?"

"तू आत्ता पडलास, तो कुठल्या वयात?"

त्या दिवसापासून सगळा थवा तळ्यावर पडायला शिकू लागला. पंतोजी त्यांना खूप उंच नेई, कारण सावरायला उंची खर्च करावी लागते आणि ज्याच्यापाशी उंची नाही, त्याच्यापाशी धडा असून उपयोग नाही. "आधी मान खाली. मग शीळ ऐका. मग हळू वर," तो सांगे. आता त्याचा आवाज चाचरत नसे. पोरं दोन-चार दिवसांत शिकली. थोरलीला मात्र जमेना. दर वेळी तिची मान वर जाई, दर वेळी ती उशिरा खाली येई.

"हाडात मुरलंय रे," ती म्हणे.

"हाडंच घेऊन उडायचंय," पंतोजी म्हणे. "पुन्हा चल."

मग थंडी आली आणि थवा निघाला. खिंडीत पोचले तेव्हा आभाळ स्वच्छ होतं, पण पलीकडच्या अंगाला वारा धबधब्यासारखा खाली कोसळत होता. थोरली सर्वांत पुढे होती. वाऱ्याने तिला दाबलं, समोरचा काळा कडा अंगावर आला, आणि तिची मान ताठ वर गेली. पंतोजी पार मागे होता. त्याला ती मान दिसली, तिचे थरथरणारे पंख दिसले आणि काहीही करता येत नव्हतं, हेही कळलं.

"थोरली आजी, मान खाली!" लांबटांगी किंचाळली. "पाय सुटलेत! मान खाली!"

खाली खडक होते. आयुष्यभर जी मान धोका दिसताच वर गेली, ती थोरलीने खडकांकडे वळवली. थोरली सुळकन खाली गेली आणि कड्याआड दिसेनाशी झाली.

एकामागून एक पोरं त्याच वाऱ्यात शिरली, दाबली गेली, आणि प्रत्येकाने मान खाली घातली. शीळ ऐकली. हळू वर आली. पंतोजी सर्वांत शेवटी पार झाला. त्याने दरीत पाहिलं. खूप खाली, मान पुढे ताणून, पंख पसरून थोरली दरीतल्या वर चढणाऱ्या वाऱ्यावर सावकाश वर येत होती.

त्या वर्षी खिंडीने कुणालाच गिळलं नाही. दक्षिणेच्या पाणथळीवर उतरल्यावर थोरली लांबटांगीला म्हणाली, "केवढ्यानं ओरडलीस गं! कान बधिर झाले माझे."

"ऐकू आलं ना पण?" लांबटांगी म्हणाली.

त्यानंतर त्या थव्यात पिल्लांना पहिल्याच दिवशी दोन धडे मिळू लागले, एक जमिनीचा आणि एक आभाळाचा.

बोध एवढाच: जी सवय एका ठिकाणी जीव वाचवते, ती दुसऱ्या ठिकाणी जीव घेऊ शकते; म्हणून घाबरल्यावर आधी आपण कुठे आहोत ते पाहावं आणि मग मान हलवावी.

पंतोजी पुढे कित्येक वर्षं पोरांना सांगत राहिला, की कड वर गेल्याने पंख सुटतात ते फक्त वेग कमी असताना, भरवेगात भीती नाही. मग एकदा गरुडापासून वाचायला एक दांडगा क्रौंच सूर मारून खाली आला आणि त्या भन्नाट वेगातच त्याने झटक्याने मान वर ओढली. त्याचे पंख तसेच थरथरले आणि तसेच सुटले. उंची होती म्हणून तो वाचला. पंतोजीने त्याला पुन्हा पुन्हा विचारून, तळ्यावर स्वतः तसा सूर मारून खात्री करून घेतली आणि आपला जुना धडा सर्वांसमोर दुरुस्त केला: वेग कितीही असो, कड फार वर गेली, की वारा पंख सोडतोच.