अंजिरं फुटतात, पच्च!

एक होता नाकतोडा. एवढुस्सा! तो बसला होता अंजिरांच्या ट्रकमध्ये, टोपलीच्या काठावर. अंजिरं त्याच्याच बागेतली. ट्रक चालला होता मंडईला. घर्र घर्र, घर्र घर्र.

चौक आला. ट्रक थांबला.

पुढे गाड्या. मागे गाड्या. पीं पीं! पों पों! डोक्यावर ऊन.

पच्च!

एक अंजीर फुटलं.

ट्रक चालवत होते निवृत्तीकाका. त्यांनी कपाळ पुसलं. "ऊन फार झालं रे. सगळी अंजिरं फुटतील. फुटलेली अंजिरं मंडईत कोण घेणार? टाकून द्यावी लागतील!"

"काका, काका, ट्रक हलवा!"

"कसा हलवू? बस हलली, तर ट्रक हलेल."

नाकतोडा निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

बस चालवत होत्या सुलभाताई.

"ताई, ताई, बस हलवा!
बस हलेना,
ट्रक हलेना,
अंजिरं फुटतात, पच्च!"

"कशी हलवू? रिक्षा हलली, तर बस हलेल."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

रिक्षात होते अन्वरचाचा.

"चाचा, चाचा, रिक्षा हलवा!
रिक्षा हलेना,
बस हलेना,
ट्रक हलेना,
अंजिरं फुटतात, पच्च!"

"कशी हलवू? ती लाल मोटार हलली, तर रिक्षा हलेल."

लाल मोटार रस्त्यात आडवी. आत कुणीच नाही! नाकतोडा घाबरला. इकडे बघितलं. तिकडे बघितलं.

मागून आवाज आला. पच्च! पच्च!

समोर होतं सलून. मोटारवाले भाऊसाहेब खुर्चीत बसले होते. गालभर साबणाचा फेस!

"भाऊसाहेब, भाऊसाहेब, मोटार हलवा!
मोटार हलेना,
रिक्षा हलेना,
बस हलेना,
ट्रक हलेना,
अंजिरं फुटतात, पच्च!"

"छट्! दाढी झाल्याशिवाय मी उठणार नाही."

नाकतोड्याला आला राग. टुणुक! बसला थेट नाकावर.

"आँऽऽक् छी! अरे, उतर, उतर!"

"आधी मोटार हलवा!"

"हलवतो रे बाबा, हलवतो!"

भाऊसाहेब पळाले. अर्धी दाढी, अर्धा फेस!

मोटार हलली.
रिक्षा हलली.
बस हलली.
ट्रक हलला. घर्र घर्र, घर्र घर्र!

नाकतोड्याने मारली उडी. टुणुक! पुन्हा टोपलीवर.

मंडई आली. फळवाल्या तानूबाईंनी टोपलीत हात घातला. एक अंजीर हळूच दाबलं. निवृत्तीकाका वाकून बघू लागले. नाकतोडाही!

"चांगली आहेत हो!" तानूबाई म्हणाल्या. "चार-पाच फुटलीत. बाकी सगळी घेते!"

निवृत्तीकाका हसले. सगळ्यात मोठं अंजीर त्यांनी नाकतोड्यासमोर ठेवलं. "खा रे राजा. हे तुझं."

नाकतोडा खाऊ लागला. मचमच मचमच, मचमच मचमच.

अंजीर संपलं. गोष्टही संपली!