वेशीवरच्या वहाणा

कनकदुर्गाच्या मानाजी राजाला आपल्या देशाच्या विद्येचा भारी तोरा. शेजारच्या मोरवण देशाची दूत भानुमती दरबारात आली, तेव्हा त्याने पैजच लावली. "ज्या देशाची मुलं परदेशी विद्यापीठांत जास्त, तो देश थोर. हरलात तर तुमचं विद्यापीठ आमचं!"

दिवस मावळताना तो तिला वेशीवर घेऊन गेला. दोन्ही देशांत रीत एकच होती. परदेशी शिकायला निघालेला विद्यार्थी आपल्या वहाणा वेशीवर काढून जाई आणि परतला की त्याच घालून घरी येई. इथे तर वहाणांची रांग पार डोंगरापर्यंत गेली होती. माणूस मात्र एकही दिसत नव्हता. काही वहाणांतून गवत उगवलं होतं, काहींत मुंग्यांनी घर केलं होतं.

"तुमच्या वेशीवर किती?" राजाने मिशीला पीळ भरत विचारलं.

"असतील चार-दोन जोड."

"मग हरलात!"

"महाराज, आमचीही मुलं ढिगाने जातात. पण ती परत येतात आणि वहाणा घालून घरी जातात. तुम्ही मला गेलेली मुलं दाखवत नाही, न आलेली दाखवताय." तिने मोती जडवलेल्या एका जोडाकडे बोट केलं. "हा कुणाचा?"

राजाचा हात मिशीवरून खाली आला. "युवराजांचा."

पैजेचं नाव मग कुणी काढलं नाही. राजा मातीत बसला आणि त्या वहाणेतलं कोळ्याचं जाळं हलक्या हाताने काढू लागला.