रेघ न उठणारा सुरा

राजा उदयसेन शालवती नगरीवर राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वांनी तिथल्या लोहारआळीत जन्म घेतला होता. सुघट हे त्यांचे नाव. भात्याच्या आवाजावरून विस्तव किती तापला आहे हे ते सांगत, आणि चेहऱ्यावरून गिऱ्हाईक किती तापले आहे हेही. पन्नाशी उलटली होती. घरात ते एकटेच असत.

एका सकाळी वेणुक त्यांच्या भट्टीवर आला. वेणुक म्हणजे राजाच्या शिकाऱ्यांचा नवा नायक. माणूस भला, पण नायकपदाचा पट्टा कमरेला बांधल्यापासून जरा ताठ चालू लागला होता आणि मनातून घाबरलाही होता. कारण शालवतीच्या शिकाऱ्यांत एक जुनी रीत होती. वसंतातल्या मेजवानीला सगळे राजासमोर आपापले सुरे काढीत आणि एकाच्या सुऱ्याचे टोक दुसऱ्याच्या पात्यावरून ओढीत. पात्यावर रेघ उठली की तो हरला. ज्याच्या पात्यावर कुणाचीच रेघ उठत नसे तो राजाच्या उजव्या हाताला बसे, आणि त्याच्या लोहाराकडे वर्षभर शंभर शिकाऱ्यांचे काम जाई. मात्र नायकाच्याच पात्यावर रेघ उठली, तर त्याने वर्षभर पंगतीच्या शेपटाला, शिकारी कुत्र्यांच्या शेजारी बसायचे.

वेणुक म्हणाला, "आचार्य, मला असा सुरा हवा की त्याच्यावर कुणाची रेघ उठता कामा नये."

बोधिसत्त्वांनी पोलादाच्या तीन पट्ट्या पुढे ठेवल्या आणि त्याच्या हाती कानस दिली. "घासून बघ."

पहिल्या पट्टीत कानस सहज शिरली. दुसरीवर ती कुरकुरत चालली. तिसरीवरून मात्र काचेवरून घसरावी तशी घसरली. वेणुकाने तिसरीला टिचकी मारली. ती घंटेसारखी वाजली.

"हीच."

"वाजते छान," बोधिसत्त्व म्हणाले. "देवळात टांग. आता मला सांग, सुरा घेऊन तू रानात काय काय करतोस?"

वेणुक बोटांवर मोजू लागला. "कातडं सोलतो. सांधे मोकळे करतो. वेली तोडतो. सुऱ्याच्या पाठीवर दगड हाणून बांबू फोडतो. पायातला काटा काढतो. पोळं कापतो. हात पोचत नाही तिथे खाजवतोही."

"यात रेघा ओढणं कुठे आलं?"

"ते वर्षातून एक दिवस."

"मग मधली पट्टी घे. मी तिला लाल तापवून तेलात बुडवीन, मग तापल्या वाळूवर ठेवीन आणि अंगावर गव्हाच्या काडीचा रंग आला की उचलीन. ते पातं लवेल, पण मोडणार नाही. रोज संध्याकाळी दगडावर दोन हात फिरवावे लागतील, एवढंच."

"पण रेघ उठेल."

"उठेल."

वेणुकाने समोरच्या भट्टीकडे मान वळवली. तिथे दर्दुर लोहार कान देऊन ऐकत होता. "आचार्य, दर्दुर मला हवं ते एका दिवसात करून देईल. माझ्या हाताखालच्या चित्रकाला देतोच आहे. शंभर सुऱ्यांचं काम त्याच्याकडे जाईल, मग तुम्ही काय करणार?"

"विळे करीन. गवत कापणारे रेघा ओढत नाहीत."

"थट्टा नको. तुम्हाला कठीण पोलाद जमत नाही, असं आळीत म्हणतात."

बोधिसत्त्वांनी तिसरी पट्टी उचलून बाजूला ठेवली. "जमतं. सहा वर्षांपूर्वी तसा सुरा केला होता. सभेत त्याच्यावर एकही रेघ उठली नाही. माझ्या मुलाच्या कमरेला होता तो. नाल्यात उतरताना त्याचा पाय वेलींच्या जाळ्यात अडकला. वरून पूर येत होता. दुसऱ्या घावाला पातं मोडलं."

मग ते भात्यापाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "तुला जो हवा तो घे. पण तिसऱ्या पट्टीचा माझ्या हातून मिळणार नाही."

वेणुक घरी गेला. त्याची बायको केतकी डाळ निवडत होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"रानात तुमच्याबरोबर मी नसते, सुरा असतो," ती म्हणाली. "कुणाचा भरवसा धरायचा ते तुम्ही ठरवा. कुत्र्यांशेजारी बसलेला नवरा मला चालेल. कुत्री माझ्या ओळखीची आहेत."

"लोक हसतील."

"तुम्ही घोरता तेव्हा शेजारी हसतातच. तुम्ही मेलात का?"

दुसऱ्या दिवशी वेणुकाने मधल्या पट्टीचा सुरा करायला सांगितला.

मेजवानीच्या दिवशी व्हायचे तेच झाले. चित्रकाने आपले टोक ओढताच वेणुकाच्या पात्यावर पांढरी रेघ उठली. मग दुसऱ्याने ओढली, तिसऱ्याने ओढली. "नायकाने लोण्याचा सुरा आणलाय," कुणीतरी म्हणाले आणि सगळी सभा हसली. तेव्हापासून त्याचे नाव लोण्या पडले. चित्रकाच्या पात्यावर मात्र एक ओरखडासुद्धा उठला नाही. तो राजाच्या उजवीकडे बसला. दर्दुर लोहाराला लोकांनी खांद्यावर घेतले. वेणुक पंगतीच्या शेपटाला, कुत्र्यांशेजारी जाऊन बसला. कान लाल झाले होते, पण बसला.

पंगतीचे शेपूट चुलीजवळ होते आणि भाजलेला रानडुक्करही तिथेच ठेवला होता. रीतीप्रमाणे तो कापण्याचा मान जिंकलेल्या सुऱ्याचा. चित्रक ऐटीत उठून आला. बरगड्या सरसर सुटल्या. मग त्याने मांडीच्या सांध्यात टोक घातले आणि पिळले.

टिक्, असा बारीक आवाज झाला. वेणुकाने तो ऐकला. चित्रकानेही ऐकला असावा, कारण त्याने घाईने सुरा पुसून म्यानात घातला आणि मांस हातांनीच ओढून काढले. कापणे अर्धवट टाकून सुरा झाकणारा शिकारी वेणुकाने आजवर पाहिला नव्हता. तेवढ्यात वाढप्याने मांडीचा पहिला तुकडा राजाच्या पानात वाढला.

वेणुकाला ठाऊक होते की आता तोंड उघडले तर लोक काय म्हणतील. तरी तो उभा राहिला. "महाराज, घास खाली ठेवा."

"हरलेल्याला दुसऱ्याचा घाससुद्धा बघवत नाही," एक म्हातारा शिकारी म्हणाला. "बस रे लोण्या."

"वर्षभर बसेन. आधी चित्रकाचा सुरा बघा."

राजाने घास खाली ठेवला आणि बोटांनी मांस उकलले. त्यातून नखाएवढी पोलादाची कपची निघाली. काचेसारखी धारदार होती. राजाने ती ताटाच्या कडेला ठेवली आणि थोडा वेळ आपल्याच गळ्यावरून हात फिरवत राहिला. चित्रकाने मान खाली घालून सुरा काढून दाखवला. टोक गेले होते.

"उरलेलं कोण कापणार?" राजाने विचारले. कुणी पुढे होईना. सगळ्यांचेच सुरे वाजणाऱ्या पोलादाचे होते. शेवटी राजा म्हणाला, "लोण्या, तू ये."

वेणुकाने त्याच सांध्यात पाते घातले आणि पिळले. पाते धनुष्यासारखे लवले, सांधा सुटला, पाते पुन्हा सरळ झाले. मध्येच थांबून त्याने ते दगडावर घासले तेव्हा दोघेतिघे हसले. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा चित्रकानेच दगड उचलून त्याच्या हाती दिला.

राजाने बोधिसत्त्वांना बोलावणे पाठवले. ते काजळी लागलेल्या हातांनीच आले.

"रेघ उठणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"होय, महाराज."

"मग शंभर जणांचं काम हातचं गेलं असतं."

"गेलं असतं. पण वेणुक रानातून परत आला असता."

राजाने त्याच दिवशी रेघेची रीत मोडली. पुढच्या वसंतापासून ज्याचा सुरा वर्षभर रानात वापरून न मोडता परत येईल, तो राजाच्या उजवीकडे बसेल असे ठरले. शंभर जणांचे काम बोधिसत्त्वांकडे आले, आणि त्यांनी त्यातले अर्धे दर्दुराला दिले. वाळूवर गव्हाच्या काडीचा रंग कसा ओळखायचा तेही शिकवले. राजाने आणखी काही मागायला सांगितले तेव्हा ते म्हणाले, "ज्यांची पिलं अजून एकटी पाणवठ्यावर जात नाहीत, त्या जनावरांना शिकाऱ्यांनी सोडून द्यावं."

राजाने वेणुकाकडे पाहिले.

"चालेल, महाराज," वेणुक म्हणाला. "माझ्या सुऱ्याला तेवढाच आराम."

ही कथा भिक्षूंना सांगून त्यांचे गुरू शास्ते थांबले. समोर एक भिक्षू बसला होता. त्याने सर्वांहून कडक उपवासाचे व्रत घेतले होते, इतरांना मऊ म्हणून हिणवले होते आणि तिसऱ्या दिवशी तो भिक्षापात्रावरच कोसळला होता. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा चित्रक हाच. ज्याने याला त्या व्रताच्या भरीस घातले तो दर्दुर. हा कोसळला तेव्हा लोक हसत असतानाही ज्याने याला पेज पाजली, तो वेणुक; आणि ज्या उपासकाने पेजेसाठी तांदूळ दिले, तो राजा उदयसेन. सुघट लोहार मीच होतो. जे लवते, ओरखडे सोसते आणि तरी आपली धार सोडत नाही, त्याला क्षांती म्हणतात."

तो भिक्षू लाजून हसला आणि त्याने उरलेली पेज मागितली.