अक्काची मागणी

कुसळवाडीत केरबा नावाचा एक भोळा माणूस होता. तसे त्या गावात भोळे आणखीही पुष्कळ होते, पण ते मतदानापुरते. केरबा बारा महिने भोळा.

कबड्डीच्या मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायचं काम त्याच्याकडे होतं. सरळ मार म्हटलं की सरळ मारायचा. एकदा कुणी ‘थांब’ म्हणायला विसरलं, तर रेघ मैदान सोडून, ओढा उतरून शेजारच्या गावात गेली. संध्याकाळी फक्की संपली तेव्हा केरबा परत आला.

त्याची आई दोन वर्षांपूर्वी गेली. जाताना तिनं त्याला दोन गोष्टी सांगितल्या. “केरबा, सांगतील ते ऐकत जा. आणि आपल्या अनसूयेचं कुठं जमतंय का बघ.” दुसरी गोष्ट कशी करायची, ते विचारायचं राहून गेलं. म्हणून केरबा पहिली करत होता.

अनसूया म्हणजे शेजारची अनसूयाअक्का. कबड्डीत देशासाठी खेळून तिनं पदकं आणली होती. त्या नादात लग्न राहून गेलं. आता केस पिकायला लागले होते, पण रोज संध्याकाळी ती गावातल्या पोरींना त्याच मैदानावर खेळ शिकवायची. पोरींना दुसरी जागा नव्हती.

त्या मैदानावर सरपंच दौलतअण्णांचा डोळा गेला. त्यांच्या मेव्हण्याला खताचं गोदाम बांधायचं होतं. पंधरा ऑगस्टला आधी झेंडावंदन, मग अक्काचा सत्कार, मग पाहुण्यांच्या हस्ते गोदामाची पहिली कुदळ, असा कार्यक्रम ठरला. पाहुणे म्हणजे जिल्ह्याचे मोठे पुढारी. त्यांनी सही केली की काम झालं, नाही केली की अडलं.

अक्कानं सांगून टाकलं, “झेंड्याला मी उभी राहीन. सत्कार घेणार नाही. मैदानात बसून राहीन.”

“अगं, स्वातंत्र्याच्या दिवशी असलं बोलतात होय?” सरपंच म्हणाले.

“मग कोणत्या दिवशी बोलू, अण्णा? तोंड थांबलं की बाद, असा खेळ मी वीस वर्षं खेळले.”

गावाला हे पटलं. पण प्रत्येकाला सरपंचांकडून काही ना काही हवं होतं. केरबाला काहीच नको होतं. म्हणून अक्काच्या बाजूला केरबा एकटाच उरला.

“केरबा,” अक्का म्हणाली, “मैदानासाठी आवाज उठवायचाय.”

केरबा निघाला. गावातला आवाज देवळाच्या भोंग्यातून येतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं भोंगा उचलला, मैदानाच्या कडेच्या चिंचेवर चढला आणि शेंड्याला पक्का बांधून खाली आला.

“उठवला,” तो म्हणाला.

“किती?”

“झाड संपेपर्यंत.”

भोंगा उतरवायला कुणी धजेना. तो तिथंच राहिला.

“तसं नसतं, केरबा,” अक्का म्हणाली.

“मग कसं असतं?”

“शांततेनं असतं. काही झालं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही.”

केरबानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो ओढ्याकडे गेला. सरपंच तिथल्या विहिरीवर अंघोळ करत होते. पंधरा ऑगस्टसाठी घेतलेला नवा फेटा कुंपणावर वाळत होता. तेवढ्यात एक म्हैस आली आणि तिनं फेट्याचं टोक तोंडात घेतलं. फेटा लांब होता. म्हैस निवांत होती. केरबा शेजारी उभा राहून शांततेनं बघत राहिला.

सरपंच आले तेव्हा शेमला तेवढा बाहेर होता.

“तू इथंच होतास?”

केरबानं मान हलवली.

“मग बोलला का नाहीस?”

केरबा त्यावरही बोलला नाही.

सरपंचांनी त्याला अक्कासमोर नेऊन उभं केलं. “बघ तुझं आंदोलन! माझा फेटा खाल्ला!”

“मी नाही, म्हशीनं,” केरबा म्हणाला. मग शब्द निघाला म्हणून त्यानं तोंडावर हात ठेवला.

“तसं नसतं, केरबा,” अक्का म्हणाली.

“मग कसं असतं?”

“अन्याय दिसला की मोठ्यानं म्हणायचं, चालणार नाही, चालणार नाही! आणि आता आधी अण्णांच्या घरी जाऊन माफी माग.”

केरबा सरपंचांच्या दारात गेला आणि झोळी पसरून म्हणाला, “माफी वाढा हो, माय!”

सरपंचीणबाई चतकोर भाकरी घेऊन आल्या.

“माफी हवी होती,” केरबा म्हणाला.

“भाकरीवर पिठलं आहे. माफीबिफी काही केली नाही आज.”

केरबानं भाकरी घेतली. अंगणात सरपंचांच्या नातवाला उभं केलं होतं. पोर आज पहिलं पाऊल टाकणार म्हणून सगळं घर जमलं होतं. समोर सरपंच हात पसरून बसले होते. पोराला बसायचं होतं, आणि सात-आठ मोठी माणसं मिळून त्याला चालायला लावत होती. केरबाला हा उघड उघड अन्याय दिसला.

“चालणार नाही!” तो ओरडला. “चालणार नाही!”

पोर दचकलं, बदकन खाली बसलं आणि रडायला लागलं.

“अरे, माझ्या नातवाला असं बोलतोस?” सरपंच उठले. “शब्द मागे घे! आत्ताच्या आत्ता शब्द मागे घे!”

केरबानं विचार केला. शब्द दोन होते. पुढचा होता ‘चालणार’. तो त्यानं मागे घेतला.

“नाही चालणार! नाही चालणार!”

पोर दोन दिवस उठलं नाही.

अक्कानं कपाळाला हात लावला. “तसं नसतं रे, केरबा.”

“मग कसं असतं?”

“हे बघ. उद्या मी मैदानात बसणार. मागणी पूर्ण मान्य झाल्याशिवाय जागचं हलायचं नाही, असा नियम आहे. म्हणून पाहुण्यांकडे तू जायचंस. हा कागद द्यायचा आणि म्हणायचं, अक्काची मागणी घेऊन आलोय. बस.”

केरबाचा चेहरा उजळला. “मागणी होय? ते मला येतं. मामाच्या शांतेच्या वेळी आई घेऊन गेली होती मला.”

अक्का दमली होती. तिनं पुढं काही विचारलं नाही.

केरबा मात्र घरी जाईपर्यंत बोटं मोजत होता. पाहुणे येणार. मांडव पडणार. शाल आणि नारळ तयार. आणि वर मागणी. आईची दुसरी गोष्ट अशी करायची असते तर!

पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला. अक्का ताठ उभी राहिली. राष्ट्रगीतात तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मग सत्कारासाठी नाव पुकारलं. ती मैदानाच्या मधल्या रेघेपर्यंत आली आणि मांडी घालून खाली बसली.

“हा देशाचा अपमान आहे!” सरपंच माइकवर म्हणाले.

“झेंडा वर जात होता तेव्हा मी उभी होते, अण्णा,” अक्का खालून म्हणाली. “तुम्ही तेव्हा मेव्हण्याला विचारत होता, कुदळ कुठं ठेवलीस.”

लोक हसले. पाहुण्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी, बाईसाहेब, बसल्या होत्या, त्याही हसल्या. मग पाहुण्यांनाही मन मोठं करावं लागलं. “बोलू द्या त्यांना. काय म्हणणं आहे?”

अक्कानं केरबाला खूण केली. केरबा मंचावर चढला. एका हातात कागद होता. दुसऱ्या हातानं त्यानं तबकातला नारळ उचलला आणि माइकपुढं उभा राहिला.

“पाहुणं, मागणी घेऊन आलोय.”

“सांगा ना. कुणाची मागणी?”

“अक्काची.”

“कुणाकडे?”

“आता इथं तुमच्याशिवाय पाहुणा कोण आहे?” केरबा म्हणाला. “मुलगी समोरच बसलीय. स्वभावानं शांत आहे. देशासाठी खेळलेली आहे. एकदा पकडीत घेतलेला माणूस सुटत नाही. आम्हाला दागिना नको, शालू नको. हे मैदान तेवढं सोडा, असं कागदावर लिहिलंय. खाली सही करा, लगेच सुपारी फोडू.”

भोंगा चिंचेच्या शेंड्यावरच होता, आणि माइकची तार त्यालाच जोडली होती. त्यामुळे ही मागणी आजूबाजूच्या तीन गावांनी ऐकली.

अक्काला जागचं हलता येत नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पाहुणे लाजले. त्यांनी लाजायला नको होतं. बाईसाहेबांनी ते बघितलं आणि कागद ओढून घेतला.

“यात नुसतं मैदानच मागितलंय ना?”

“हो, म्हणजे, तसं दिसतंय,” पाहुणे म्हणाले.

“मग द्या ते. आत्ता सही करा आणि गाडीत बसा.”

“पण बाईसाहेब, गोदाम...” सरपंच पुढं आले.

“तुम्ही गप्प बसा! आणखी मागण्या यायच्या आत निघू द्या आम्हाला.”

पाहुण्यांनी सही केली. घाईत दोनदा केली. पोरींनी एकच गलका केला आणि अक्काला उचलून घेतलं. अक्काच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती हसत होती.

“केरबा, जिंकलो रे!”

“कुठं जिंकलो?” केरबाचा चेहरा उतरला होता. “मैदान दिलं. माणूस तेवढा दिला नाही.”

“अरे, तसं नसतं, केरबा!”

पण ‘मग कसं असतं’ हे केरबानं पहिल्यांदाच विचारलं नाही. मागणी पूर्ण मान्य झाल्याशिवाय हलायचं नाही, हे त्याला आधीच सांगून झालं होतं. तो तडक गेला आणि पाहुण्यांच्या गाडीपुढं मांडी घालून बसला.

“चालणार नाही! चालणार नाही!”

गाडी काही चालली नाही. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. केरबानं आवाज वाढवला.

बाईसाहेबांनी काच खाली केली. “अहो सरपंच, त्याला शब्द मागे घ्यायला सांगा!”

सरपंचांनी दोन्ही हात जोडले.

“नको, बाईसाहेब. मी सांगून बघितलंय. त्याचे शब्द मागे घेतले तरी तेच निघतात.”