जुन्या आजीचा घास

माणसं स्वतःच गाडी चालवत, तेव्हाची गोष्ट. एका मालकाने गाडीची म्हातारी बॅटरी घाईघाईत बदलून घेतली. गाडीतल्या कॉम्प्युटरला ते ठाऊकच नव्हतं. थकल्या जिवाला आग्रहाने भरवावं, तसा तो नव्या बॅटरीलाही जुनीच्या हिशेबाने रोज जास्तीचा करंट देत राहिला.

"पुरे, मी तापतेय!" नवी बॅटरी कळवळून म्हणाली.

"असं कसं, आजी? एवढं घेतल्याशिवाय तुला ताकद येत नाही."

"मी तुझी आजी नाही रे!"

त्याला ते पटेना. बॅटरी फुगू लागली.

शेवटी गॅरेजमधल्या इस्माईल मिस्त्रींनी यंत्र जोडून कॉम्प्युटरमध्ये नव्या बॅटरीची नोंद केली. "याला कुणी सांगितलंच नव्हतं," ते पुटपुटले. करंट लगेच उतरला.

मग कॉम्प्युटरने हळूच विचारलं, "आजी कधी गेली?"